जगदाळेकाकांचा ट्रिगर

जगदाळेकाकांना काही विकत घ्यायचं असलं की त्रास आम्हा शेजाऱ्यांना व्हायचा. साधी किटली घ्यायची तर माणूस दुकानात जातो, किटली उचलतो, घरी येतो आणि चहा पितो. काकांनी किटली निवडायला अख्खा उन्हाळा घेतला. तोवर कुंदाकाकू पातेल्यात पाणी उकळत होत्या आणि काका माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून माझ्या किटलीची धार बघत होते. झाकण लावताना होणारा आवाज डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "मंजू, तुझी किटली लई घाई करती." अहो, किटलीनं घाई नाही करायची तर कुणी करायची?

लंडनच्या ईलिंगमध्ये आमची घरं एका भिंतीला चिकटलेली. काका दातांना तारा लावणारे डॉक्टर, मूळचे कोल्हापूरचे. रिटायर झाले होते, पण समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचे दात बघायची खोड गेली नव्हती. आमची पहिली भेट कुंपणापाशी झाली. मी हसून "नमस्कार काका" म्हटलं, तर म्हणाले, "डावा सुळा लहानपणीच सरळ करून घ्यायला पाहिजे होता. कुणाकडं दाखवत होतीस?" मी तेव्हा चाळिशीची, कौन्सिलमध्ये दहा माणसांवर ओरडणारी बाई. त्यानंतर आठवडाभर मी तोंड मिटून हसत होते.

असा माणूस बंदूक घेऊन हरणं मारायला जातो हे कळलं तेव्हा मी उडालेच. पण इथे हरणं उदंड झाली आहेत. नवी लावलेली रोपं शेंड्यापासून खाऊन टाकतात, म्हणून शेतकरी लायसन्सवाल्या माणसांना आपल्या रानात येऊ देतात. काकांना चिल्टर्न्सच्या डोंगरात रॉजर नावाच्या शेतकऱ्याचं रान मिळालं होतं. हिवाळ्यात दुपारी जायचे, अंधार पडता पडता निघायचे, आणि दोनतीन दिवसांनी ते मटण तांबड्या रश्श्यात पडायचं. कुंदाकाकू सांगलीच्या आणि कडक शाकाहारी. त्यांची भांडी वेगळी, फ्रीजमधला कप्पा वेगळा. भिंतीपलीकडून रश्श्याचा वास आला की पाठोपाठ माझी बेल वाजायची आणि काकू आत येत म्हणायच्या, "चालू झालाय त्यांचा समारंभ. मला चहा टाक."

बंदूक वरच्या छोट्या खोलीत, भिंतीला बोल्ट केलेल्या लोखंडी कपाटात असायची. त्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे बायकोलाही माहीत असता कामा नये, असा इथला दंडक. काकू म्हणायच्या, "सगळ्या संसारात ह्या माणसानं माझ्यापासून एकच गोष्ट लपवली, तीही पोलिसांनी सांगितली म्हणून." लायसन्स रिन्यू करायच्या वेळी पोलीस खात्याचा माणूस घरी आला होता. काकांना बागेत पाठवून त्यानं काकूंना हळूच विचारलं, तुमच्या मिस्टरांचा कधी राग अनावर होतो का? काकू म्हणाल्या, "ओन्ली इन शॉप्स." त्यानं ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे, पण लायसन्स मिळालं.

शिकारीच्या गप्पा मारणारी माणसं मला आवडत नाहीत. काका त्या मारायचे नाहीत. किती हरणं, केवढी शिंगं, काही नाही. एवढंच सांगायचे, "रानातनं एकच आवाज यायला पाहिजे बघ. दुसरा आला तर समजायचं, पहिल्यानं जनावराचे हाल केले." रॉजरनं त्यांना रान दिलं होतं ते याच कारणानं. त्याच्या घरापर्यंत ऐकू यायचं, आणि इतक्या वर्षांत काकांचा दुसरा आवाज त्यानं ऐकला नव्हता.

मग एका जानेवारीत ते झालं. रो जातीची एक मादी, उभी राहिलेली, अंतर फार नाही. काकांनी बंदूक उडवली आणि बंदूक उडतानाच त्यांना कळलं की चुकलं. गोळी छातीऐवजी मागे, पोटात लागली. ती पळाली. काका टॉर्च घेऊन काटेरी झुडपांत शोधत राहिले, शेवटी रॉजरनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, जिवंत. दुसरी गोळी तेव्हा घालावी लागली. घरी आले ते बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. काकूंनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांना काय करावं सुचेना. काका आम्हा दोघींकडे न बघता म्हणाले, "रात्रभर जिवंत होती ती." मी पायरीशी बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

चार दिवसांनी मात्र स्वारी कुंपणापाशी हजर. "मंजू, चूक सापडली. ट्रिगर बदलायचा."

त्यांचं म्हणणं असं, की बंदुकीबरोबर कंपनीचा जो ट्रिगर येतो तो जड असतो. कुणाच्याही बोटाला चालावा असा बनवलेला, त्यामुळे कुणाच्याच बोटाला धड बसत नाही. ओढायला एवढा जोर लागतो की शेवटच्या क्षणी नळी हलते. म्हणून हौशी लोक तो काढून दुसरा, चांगला ट्रिगर विकत घेऊन बसवतात. यात तथ्य असावं. पण विकत घेऊन बसवतात यातला ‘विकत घेऊन’ हा भाग काकांच्या हातात गेला होता, आणि मला किटलीचा उन्हाळा आठवला.

झालं, गुऱ्हाळ सुरू. बंदुकांच्या दुकानातून, क्लबातल्या मित्रांकडून ट्रिगर गोळा होऊ लागले. नुसता ट्रिगर म्हणजे बंदूक नव्हे, तो कुणीही हातात घेतलेला चालतो, हे काकांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला संशय यायला लागला. त्यांनी प्रत्येक ट्रिगर लाकडाच्या ठोकळ्यावर बसवला आणि ते ठोकळे दवाखान्यातल्या जुन्या स्टीलच्या ट्रेमध्ये मांडले. मग एका रविवारी इथल्या मराठी मंडळातल्या सात-आठ जणांना पोह्यांना बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. पाहुणे येऊन टेकतात न टेकतात तो काका ट्रे घेऊन बाहेर आले. काकूंनी पोह्यांच्या बश्या ठेवत जाहीर केलं, "आमच्याकडे आज बघण्याचा कार्यक्रम आहे. स्थळं ट्रेमध्ये आहेत."

प्रत्येकानं डोळे मिटायचे, बोट ठेवायचं, ओढायचं आणि काय वाटलं ते सांगायचं. पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला होता, सौरभ. तो म्हणाला, "काका, ह्याचा रिस्पॉन्स टाइम मस्त आहे." काकांनी त्याला पोहे वाढायला सांगितले. त्याची बायको म्हणाली, "मला तर सगळे सारखेच वाटले." काकांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं घाबरून पुन्हा एकदा सगळे ओढून बघितले.

"दोन जाती असतात," काका खुर्चीच्या कडेवर सरकून सांगायला लागले. "टू-स्टेज असला तर बोट आधी थोडं मोकळं मागं येतं, मग अडतं. तिथं थांबायचं, विचार करायचा, आणि मग थोडा जोर दिला की सुटला. म्हणजे आधी पसंती, सुपारी, आणि मग लग्न. सिंगल-स्टेजमध्ये ती भानगड नाही. बोट ठेवलं, दाबलं, सुटला. रजिस्टर मॅरेज."

"आपलं सिंगल-स्टेजच होतं," काकू आतून म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतोय, दोन्हींचा अनुभव घेतल्याशिवाय ठरवायचं न्हाई!"

असे रविवार बरेच झाले. पोह्यांची जागा उपम्यानं घेतली, उपम्याची साबुदाण्याच्या खिचडीनं. मंडळात लोक काकांकडे जायला टाळाटाळ करायला लागले. कुणाच्या बोटाला लागलंय म्हणे, कुणाकडे अचानक इंडियातून पाहुणे. मीच काय ती भिंतीपलीकडची असल्यामुळे सुटत नव्हते. काकांची मतं दर आठवड्याला बदलायची. हा खरखरतो. ह्याचा ब्रेक, म्हणजे सुटायचा क्षण, काचेसारखा, पण बोट टेकायची पाती अरुंद. ह्याची पाती रुंद, पण हातमोजे घातले की काही कळत नाही. एकदा रात्रीच्या जेवणाला बसलो असताना आमटीचा चमचा अर्ध्यावर थांबवून म्हणाले, "त्या तिसऱ्यात काहीतरी लबाडी आहे." कोणता तिसरा, हे विचारायची आमची दोघींची हिंमत झाली नाही.

आणि या सगळ्या काळात, उन्हाळा सरून पुढचा हिवाळा आला तरी, कपाटातली बंदूक रानात एकदाही गेली नव्हती.

शेवटी एक घेतला. सिंगल-स्टेज, हलका, बाजूला लहान लहान स्क्रू असलेला, हवा तसा जुळवता येणारा. आता सुटलो, असं आम्हाला वाटलं. पण स्क्रू दिसला की दातांच्या डॉक्टराचा हात शिवशिवतो हे आमच्या लक्षात आलं नाही. काका त्याला दर आठवड्याला थोडं थोडं पिळायला लागले. पेशंटच्या तारा जशा महिन्यामहिन्यानं घट्ट करायचे, अगदी तसं. "एकदम न्हाई करायचं. दर बैठकीला पाव फेरा. दाताला कळत पण न्हाई आणि दात जागेवर येतो." ट्रिगर आठवड्यागणिक हलका होत गेला आणि काका आठवड्यागणिक खूश होत गेले.

एका शनिवारी मला वर बोलावलं. काकूही होत्या. बंदूक रिकामी आहे हे त्यांनी आधी आम्हाला उघडून दाखवलं, स्वतः बोट घालून खात्री केली, मग मिटून घोडा चढवला. म्हणाले, "आता गंमत बघा. इतका हलका केलाय, पण आपटली तरी सुटायची न्हाई. ही परीक्षा झाल्याशिवाय मी कुठलाच ट्रिगर रानात नेत न्हाई." आणि बंदुकीचा दस्ता त्यांनी कार्पेटवर आपटला. फार जोरात नाही, आपण काठी टेकवतो तितकाच.

खट्.

कुणी ट्रिगरला हात लावला नव्हता. काकांनी पुन्हा घोडा चढवला, पुन्हा बंदूक टेकवली. पुन्हा खट्. त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. खुर्चीवर बसले आणि बंदुकीकडे बघत राहिले. म्हणाले, "दात हलवला की त्याच्या मागं नवीन हाड तयार होतं, कुंदा. म्हणून पिळत राहिलं तरी दात धरून राहतो. लोखंडाच्या मागं काही तयार होत न्हाई. हे माझ्या डोक्यात कसं आलं न्हाई?" मी मनात म्हटलं, रानात गोळी भरलेली असती आणि नुसती फांदीला धडकली असती तर? बोलायची गरजच नव्हती, त्यांनी आधीच बंदूक उघडून पुन्हा आत बोट घालून बघितलं होतं. तो ट्रिगर त्याच संध्याकाळी बंदुकीतून निघाला आणि कंपनीचा जुना परत आत गेला.

मला वाटलं, चला, आता हा नाद सुटला. कसलं काय! पुढच्या रविवारी ट्रे पुन्हा बाहेर, त्यात दोन नवीन. अशात रॉजरचा फोन आला. माणूस सभ्य, पण त्याची रोपं हरणांनी साफ केली होती. मार्चअखेर सीझन संपेल, तोवर तुम्ही येणार नसाल तर मला रान दुसऱ्यांना द्यावं लागेल, एवढंच म्हणाला. काका फोनवर म्हणाले, "जस्ट द ट्रिगर, रॉजर. नियरली देअर." फोन ठेवला आणि ट्रेपाशी जाऊन बसले.

मी तिथेच होते. काकूंनी गॅस बंद केला, बाहेर आल्या आणि ट्रे काकांच्या पुढ्यातून उचलला.

"पुरे आता. तुम्ही ट्रिगर निवडत नाही आहात. तुम्ही रानात न जायची कारणं निवडताय. त्या दिवशी ट्रिगर चुकला नव्हता, तुमचा हात चुकला. मला माहितीये, तुम्हाला माहितीये, आणि ह्या मंजूलासुद्धा माहितीये."

मला कशाला मध्ये ओढता, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"भीती वाटते तर वाटते म्हणा," काकू म्हणाल्या. "बंदूक विकून टाका. मी काही हसणार नाही."

काकांनी रिकामे हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "विकायचीच आहे गं. हात आता पहिल्यासारखा राहिला न्हाई, मला काय कळत न्हाई व्हय? पण आत्ता विकली तर माझी शेवटची गोळी ती राहती. ती, रात्रभर पडून राहिलेली. मला एक पाहिजे. एकच, नीट. मग कपाटसुद्धा काढून टाकतो."

मी उगाच बश्या उचलायला लागले. हा माणूस पेशाने, वयाने, आवाजाने एवढा मोठा, आणि मुलासारखा ‘एकच’ मागत होता.

काकूंनी ट्रेकडे नजर टाकली. "ह्यातला एकेक मला तोंडपाठ झालाय. हा खरखरतो, हा लबाड, हा अरुंद. ह्या कोपऱ्यातल्याबद्दल तुम्ही इतक्या दिवसांत काय म्हणालात?"

काकांनी आठवून बघितलं. "काही न्हाई. बरा आहे."

"मग हाच."

"अगं, पण तो फार हलका पण न्हाई, फार..."

"हाच."

टू-स्टेज होता. ना जड, ना हलका. दुकानातल्या कारागिरानं तो बसवून दिला आणि काकूंनी काकांकडून शपथ घेतली की त्याच्या स्क्रूंना हात लावायचा नाही. छोटा स्क्रूड्रायव्हर त्यांनी स्वतःच्या शिवणाच्या डब्यात टाकला. काकांनी बंदूक आपटून बघितली, सगळ्या बाजूंनी, पुन्हा पुन्हा. नाही सुटली. क्लबात जाऊन कागदावर गोळ्या झाडून आले. "बरं पडतंय," म्हणाले, आणि अजून काहीतरी बोलणार होते ते काकूंकडे बघून गिळलं.

फेब्रुवारीतली एक दुपार. काकांची गाडी एमओटीला, म्हणजे वर्षाच्या तपासणीला गेली होती, म्हणून माझी गाडी, मी ड्रायव्हर. मागच्या सीटवर काकू. डोक्याला मफलर, मांडीवर थर्मास. ज्या बाईनं आयुष्यात अंडं फोडलं नाही, ती नवऱ्याबरोबर रानात हरीण मारायला निघाली होती. वाटेत काकांनी एकदाच म्हटलं, "कुंदा, तू कशाला?" काकू म्हणाल्या, "तुम्ही तिथे बसून पुन्हा ट्रिगरचा विचार करायला लागलात तर चिमटा काढायला."

रॉजरच्या फाटकापाशी मी गाडी लावली. पलीकडे उतारावर झाडी, आणि झाडीच्या कडेला लाकडी मचाण. दोघं त्या चिखलातून हळूहळू चालत गेली. काका पुढे, काकू मागे, मध्येच काका थांबून हात द्यायचे. मग झाडीत दिसेनाशी झाली.

मी काच थोडी खाली करून बसले. थंडी मरणाची. रेडिओ लावला नाही, फोनही बघितला नाही. मी देवाधर्माचं फारसं करत नाही, पण तिथे बसून मी गणपतीला म्हटलं, बाबा रे, हरणाला सांभाळ असं म्हणू की काकांना, ते तूच ठरव, पण जे काय करायचं ते एकदाच कर. उजेड कमी व्हायला लागला. मेंढ्या ओरडत होत्या. आणि आवाज झाला.

मी स्टेअरिंग घट्ट धरलं. दुसरा येऊ नये, येऊ नये, येऊ नये. मेंढ्या गप्प झाल्या होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या. कावळे उडाले, ते परत येऊन बसले. दुसरा आवाज आला नाही. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. त्या वेळीही दुसरा आवाज लगेच आला नव्हता, तो सकाळी आला होता. जनावर पळालं असेल आणि ते टॉर्च घेऊन शोधत असतील तर?

तेवढ्यात झाडीतून काकू बाहेर आल्या. एकट्याच. दार उघडून मी चिखलात धावत सुटले.

"काकू! काय झालं?"

"दोर," त्या धापा टाकत म्हणाल्या. "डिकीत दोर आहे म्हणाले. ओढायला लागेल."

"म्हणजे..."

"जागच्या जागी. तिला कळलंसुद्धा नसेल." काकूंचे डोळे भरून आले होते आणि त्या माझ्यावरच डाफरल्या, "अशी बघत काय उभी राहिलीस? दोर आण!"

आम्ही दोघी आत गेलो. काका पाचोळ्यावर गुडघे टेकून बसले होते. बंदूक उघडून, रिकामी करून झाडाला टेकवलेली. हातमोजे काढलेले, आणि एक हात त्या मादीच्या मानेवर. मी आल्याचं त्यांना कळलं, पण त्यांनी वर बघितलं नाही. चेहरा इतका शांत होता की मला क्षणभर ते ओळखूच आले नाहीत. पण माझा स्वभाव मेला, गप्प बसवत नाही. मी विचारलं, "काका, ट्रिगर कसा होता?"

त्यांनी मान वर केली. खरंच विचार केला, प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. मग आपल्या बोटाकडे बघितलं.

"आयला," ते म्हणाले, "ट्रिगरकडं लक्षच न्हवतं गं माझं."